‘दिर्घकालीन’ आजार आणि सहा आठवड्यांचा गट

पहिल्या दिवशी दारातच एक पुस्तिका हातात ठेवली. मुखपृष्ठावर मोठ्या ठशात ‘दिर्घकालीन आजारांचे स्वव्यवस्थापन’. म्हणजे दीर्घ हा शब्दच ऱ्हस्व! ३१ वर्षं मुद्रितशोधन करून पोट भरलेल्या बाईचं याहून वाईट स्वागत काय होणार? मी तिथल्या तिथे पेन काढलं, बोटांत ते धड धरता येईना म्हणून परत पर्समध्ये टाकलं. तेव्हा आधीच कबूल करून टाकते की या कार्यक्रमात मी खुसपटं काढायच्या तयारीनेच गेले होते आणि भरपूर काढली. तरी सहाच्या सहा आठवडे गेले, एकही खाडा न करता.

मला नऊ वर्षांपासून संधिवात आहे, रुमॅटॉइड म्हणतात तो. वय झालं की गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. यात शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उठते. सकाळी तासभर तरी मुठी मिटत नाहीत. औषधं चालू आहेत, लागूही पडतात. पण गेल्या दोन वर्षांत निराळंच काहीतरी सुरू झालं. फोन वाजला की तो वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे. झोप यायची ती पहाटे. आणि एकदा तर एका पुस्तकाचं दुसरं प्रूफ मी न वाचताच सही करून परत पाठवलं. असं काही मी करीन हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. त्या सहीने मी घाबरले. डॉक्टरांनी नैराश्य मोजायचा नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, तसं किती वेळा वाटलं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, सगळे मिळून २७. माझे आले १४. गोळी सुरू झाली आणि सोबत, ‘एक गट आहे, जाऊन बघा’, असा सल्ला. मी अर्थातच जाणार नव्हते. धाकट्या बहिणीने तिढा सोडवला. म्हणाली, “ताई, तू आत बस, मी बाहेर जिन्यात बसते. नाही आवडलं तर दहा मिनिटांत निघू.”

ती जिन्यात पहिल्या दिवशी अडीच तास बसली.

आता कार्यक्रम काय आहे ते सांगते. आठवड्यातून एकदा, प्रत्येक वेळी अडीच तास, असे सहा आठवडे. आम्ही सुरुवातीला १३ जण होतो, शेवटी नऊ उरलो. आजार सगळ्यांचे वेगवेगळे. एक मधुमेहाची, एक हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, दोघी कंबरदुखीच्या, एक काका फुप्फुसांच्या जुन्या आजाराचे (दोन वाक्यांत एकदा थांबून श्वास घ्यायचे), एक मुलगी पंचविशीतली, कायम कोपऱ्यातली खुर्ची धरणारी, तिने तिसऱ्या आठवड्यापर्यंत आपला आजार सांगितलाच नाही. माझ्या मनात आलं, ही काय खिचडी? माझ्या बोटांचा आणि या काकांच्या फुप्फुसांचा संबंध काय? पण ही भेसळ मुद्दाम केलेली असते असं नंतर कळलं. आजार कोणताही असो, रोजची अडचण तीच : थकवा, दुखणं, झोप, काळजी, डॉक्टरांशी नीट बोलता न येणं, घरच्यांना समजावून सांगता न येणं. पुस्तिकेत हे अगदी बोजड भाषेत लिहिलंय, पण मुद्दा खरा आहे. समाजशास्त्रज्ञ ज्युलिएट कॉर्बिन आणि अन्सेल्म स्ट्राउस यांनी १९८०च्या दशकात मांडलं होतं की जुनाट आजाराच्या माणसाला तीन कामं लागतात : आजाराची, म्हणजे औषधं-तपासण्या, आपल्या भूमिकांची, म्हणजे नोकरी, घर, आई-बाप-मुलं, आणि भावनांची. दवाखान्यात पहिल्या कामाचीच चौकशी होते. बाकीची दोन घरी नेऊन आपली आपण करायची.

गट चालवणारे दोघे. एक निवृत्त शिक्षिका, त्यांना आम्ही बाई म्हणायचो, आणि एक तिशीतला तरुण, तो सगळ्यांचा दादा. दोघंही स्वतः आजारी. बाईंना मधुमेह, दादाला नैराश्य आणि दमा. डॉक्टर नाही, नर्स नाही. पहिल्या दिवशी मला ही काटकसर वाटली. ती काटकसर नव्हे, आखणीच तशी असते. चालवणारे दोघं, आणि त्यांतला निदान एक तरी स्वतः असा आजार घेऊन जगणारा. ते औषधाबद्दल सल्ला देत नाहीत. कुणी विचारलंच तर ‘हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि कसं विचारायचं ते आपण इथे ठरवू’ म्हणतात. हे वाक्य त्यांनी सहा आठवड्यांत इतक्या वेळा म्हटलं की कंबरवाल्या दोघी ते कोरसमध्ये म्हणायला लागल्या होत्या.

संदर्भ तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून घरी येऊन या प्रकाराची वंशावळ शोधली. सगळ्यात जुनी ओळखीची पायरी सापडते १९०५ सालची, बॉस्टनमधली. जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरने क्षयाच्या गरीब रुग्णांचा साप्ताहिक वर्ग सुरू केला. सॅनेटोरियम त्यांना परवडणारं नव्हतं, क्षयावर प्रतिजैविक यायला अजून चार दशकं होती. हाती होतं ते विश्रांती, मोकळी हवा आणि रोजची नोंदवही. आठवड्यातून एकदा सगळे जमायचे, वह्या दाखवायचे. औषध नसताना माणसं वही घेऊन एकत्र बसली, हे वाचून मी बराच वेळ पुढे सरकले नाही. नंतर १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी, हॅल्स्टेड होलमन या डॉक्टरांच्या साथीने, असा गट-कार्यक्रम उभा केला. तोही कुणासाठी? संधिवाताच्या रुग्णांसाठी. म्हणजे ही सगळी वरात आमच्याच घरून निघालेली. पुढे त्याचाच सर्व जुनाट आजारांसाठीचा अवतार झाला. मी गेले तो गट त्याच साच्यातला.

त्यात एक गंमत आहे. लॉरिग यांच्या गटातली माणसं सुधारत होती, पण ज्यांनी व्यायाम जास्त केला तीच जास्त सुधारली, असा सरळ हिशेब लागेना. शिकवलेलं पाळणं आणि बरं वाटणं यांचा संबंध अगदी तोकडा निघाला. मग माणसांशी बोलून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, ज्यांना ‘आजार माझ्या थोडाफार हातात आहे’ असं वाटायला लागलं होतं ती सुधारली होती. त्याच विद्यापीठात अल्बर्ट बांदुरा हे मानसशास्त्रज्ञ होते, १९७७ पासून याच गोष्टीवर लिहीत होते. आमच्या पुस्तिकेत त्यांच्या ‘सेल्फ-एफिकसी’ या शब्दाचं भाषांतर ‘स्व-कार्यक्षमता’ केलंय, जणू पाण्याच्या पंपाबद्दल चाललंय. साध्या मराठीत ‘मला जमेल ही खात्री’. मी समासात तसं लिहून ठेवलं.

आणि ही खात्री आणायची कशी, तर या कार्यक्रमाकडे त्याचं एक हत्यार आहे. त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळा कार्यक्रम त्या हत्यारापुरताच आहे, बाकी भरताड.

दर आठवड्याच्या शेवटी प्रत्येकाने एक ठराव सांगायचा. येत्या आठवड्यात मी काय करणार, किती, केव्हा आणि किती दिवस. ‘जास्त चालीन’ चालत नाही. ‘संध्याकाळी दिवे लावायच्या आधी दहा मिनिटं, चार दिवस’ चालतं. आणि ते स्वतःला करावंसं वाटणारं हवं. डॉक्टरने सांगितलं, नवऱ्याने सांगितलं, हे कारण धरत नाहीत. मग प्रश्न येतो : शून्य ते दहा, हे तुम्ही पूर्ण कराल याची खात्री किती? सातच्या खाली आकडा आला तर ठराव पुन्हा लिहायचा, लहान करून.

पहिल्या आठवड्यात मी ऐटीत सांगितलं, “दर ४० मिनिटांनी प्रूफावरून उठून बोटांचे व्यायाम करणार. रोज.”

“खात्री किती, ताई?” दादाने विचारलं.

“नऊ.”

तो काहीच बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघून थांबला. बाईंनी फळ्यावर नऊ लिहिला.

पुढच्या आठवड्यात मी कारणं जुळवूनच आले होते. एक तातडीचं पुस्तक होतं, बहिणीकडे पाहुणे होते, पहिले दोन दिवस तर जमलंच होतं. माझी पाळी आली आणि मी म्हटलं, “सात दिवसांपैकी दोन.” त्यावर कुणी हळहळलं नाही, की ‘असू द्या हो’ म्हणालं नाही. बाई म्हणाल्या, “अडलं कुठे?” मी म्हटलं, घड्याळ वाजतं तेव्हा मी वाक्याच्या मधोमध असते, आणि वाक्याच्या मधोमध उठणं मला या जन्मी जमायचं नाही. मग त्यांनी गटाला विचारलं, कुणाला काही सुचतंय का. हा त्यांचा ठरलेला शिरस्ता : ज्याची अडचण त्याने गप्प बसायचं, बाकीच्यांनी सुचवायचं, त्याने सगळं लिहून घ्यायचं, ‘पण ते माझ्या बाबतीत...’ असं म्हणायचं नाही. मला हे फार जड गेलं. पाच-सहा सूचना आल्या, त्यांतल्या चार कुचकामी. मग फुप्फुसवाले काका श्वास घेत घेत म्हणाले, “तुमच्या कामात... मोजतात कशात? तास की पानं?”

मी म्हटलं, फॉर्म. १६ पानांचा एक फॉर्म.

“मग फॉर्म संपला की उठा.”

३१ वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. फॉर्म संपल्यावर माणूस तसाही मान वर करतो, गठ्ठा सरळ करतो. त्यालाच बोटं जोडून टाकली. ठराव नव्याने लिहिला : ‘एक फॉर्म संपला की उठून बोटांचे व्यायाम, आठवड्यातून चार दिवस.’ खात्री आठ. चार दिवसांचे पाच झाले. हे लिहिताना हसू येतंय, पण त्या आठवड्यात घरी जाताना मी बहिणीला जिन्यातच हे सांगितलं, आणि तिने विचारलं, “मग खाली जाईपर्यंत दम धरवत नव्हता का?”

आता हे एवढंसं वचन आणि त्याची पुढच्या आठवड्यात हजेरी, यात काय मोठं? मलाही शब्दांत नीट पकडता येत नाही. डॉक्टरांसमोर मी खोटं बोलते, सगळेच बोलतात. बहिणीसमोर खोटं बोलले तर ती ओळखते पण सोडून देते. इथे समोर बसलेल्या माणसाला स्वतःला आठवड्यात दहा मिनिटं चालणं जमलेलं नसतं, आणि तो ते सांगतो. त्याच्यापुढे खोटं बोलायची गरजच उरत नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. चालण्याचा वेग कसा ठरवायचा, तर चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येता कामा नये. बोलता येईना तर वेग कमी करा, गाणं म्हणता येतंय तर वाढवा. श्वासासाठी नाकाने दोन मोजेपर्यंत आत, ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत बाहेर. हे काकांनी करून दाखवलं, बाईंपेक्षा चांगलं. कामं सलग न उरकता मधे विश्रांती पेरणं. डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्न लिहून नेणं आणि महत्त्वाचा पहिला विचारणं, कारण आपण खरा प्रश्न दाराशी पोचल्यावर विचारतो (मी तर हटकून). झोपेवर एक भाग, खाण्यावर एक भाग, औषधं वेळेवर घेण्यावर एक भाग. यांतलं पुष्कळसं तुम्हाला आधीच माहीत असणार. माहितीसाठी जाणार असाल तर जाऊ नका, घरी वाचा.

एका आकृतीचं मात्र नाव घ्यायला हवं. फळ्यावर एक वर्तुळ काढतात आणि त्यावर दुखणं, ताठ झालेले स्नायू, अपुरी झोप, ताण, चिडचिड-भीती, नैराश्य, थकवा असं लिहून एकाला दुसऱ्याशी बाणांनी जोडतात. दुखलं की झोप नाही, झोप नाही की थकवा, थकवा की मन खचतं, मन खचलं की दुखणं जास्त बोचतं. यात नवं काही नाही असं वाटेल. पण दोन वर्षं मी ‘मला संधिवात आहे आणि शिवाय मी आळशी झाले आहे’ असं मानत होते. त्या वर्तुळात आळस कुठेच नव्हता. मी शोधला.

आणि इथेच माझी मोठी तक्रार सुरू होते.

वर्तुळावर नैराश्य लिहिलेलं असलं, तरी कार्यक्रमात त्याला जेमतेम अर्ध्या तासाची जागा होती. तेही ‘नकारात्मक विचारांचे सकारात्मक विचारांत रूपांतर’ या मथळ्याखाली. एका रकान्यात वाईट विचार, समोरच्या रकान्यात चांगला विचार. शाळेतल्या विरुद्धार्थी शब्दांसारखं. कोपऱ्यातली मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. म्हणजे कधीच उठू नये असं.” खोलीत सगळे गप्प झाले. बाईंनी हातातल्या जाड पुस्तकाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि म्हणाल्या, “आपण पुढच्या भागाकडे जाऊ या.”

बाई वाईट नव्हत्या. घाबरल्या होत्या. चालवणाऱ्यांना एक पुस्तक दिलेलं असतं, त्यात कोणत्या मिनिटाला काय बोलायचं ते छापलेलं असतं, आणि त्यापासून हलायचं नाही असा दंडक असतो. त्यामागचं कारण मला समजतं : सगळीकडे कार्यक्रम सारखा चालावा, चालवणाऱ्याच्या लहरीवर जाऊ नये. मुद्रितशोधकाने मूळ प्रत सोडून स्वतःची वाक्यं घालू नयेत, तसंच. पण समोर आग लागल्यावरही प्रत वाचत बसायचं का? मधल्या सुट्टीत दादा त्या मुलीशेजारी जाऊन बसला. मी पाण्याच्या बाटलीच्या निमित्ताने जवळच होते. त्याने तिला सरळ विचारलं, “जीव द्यायचा विचार येतो का?” मी दचकले. तिने मान हलवली. तो म्हणाला, “मलाही यायचा. आज तुझ्याबरोबर घरी कोण आहे?” तिच्या आईला फोन झाला, आई घ्यायला आली, दुसऱ्या दिवशी डॉक्टर. असा प्रश्न विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार घुसतो असं मला वाटायचं. तसं होत नाही, उलट विचारणं हीच मदतीची पहिली पायरी असते, हे दादाने मला नंतर सांगितलं, आणि मी खात्री करून घेतली, बरोबर आहे. ती मुलगी पाचव्या आठवड्याला परत आली. कोपऱ्यातलीच खुर्ची. पण ठराव सांगितला : ‘दोन दिवस आंघोळ, दुपारच्या आत.’ खात्री सात.

हे दादाने केलं, कार्यक्रमाने नाही. दादा नसता तर? आयोजकांनी याचं उत्तर तयार ठेवलं पाहिजे. पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं पाहिजे की असं काही वाटलं तर कुणाशी बोलायचं.

मन या विषयावर हा साचा लंगडा आहे हे नुसतं माझं मत नाही. या कार्यक्रमाची एक गाजलेली तपासणी १९९९ साली छापून आली. हृदयविकार, फुप्फुसांचे आजार, पक्षाघात आणि संधिवात असलेली ९५२ माणसं. काही गटात गेलेली, काही तुलनेसाठी थांबवून ठेवलेली. सहा महिन्यांनी गटातल्यांचा व्यायाम वाढला होता, थकवा कमी झाला होता, आजाराची धास्ती कमी झाली होती, रुग्णालयात राहण्याचे दिवसही कमी झाले होते. पण दुखणं, धाप आणि मानसिक स्वास्थ्य या तिन्हींत फरक दिसला नाही. मला हे वाचून बरं वाटलं, खरं सांगायचं तर. म्हणजे माझी बोटं अजून तेवढीच दुखतात यात माझा नाकर्तेपणा नाही. पुढे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने हाच साचा उचलला. तिथल्या ६२९ जणांच्या तपासणीत माणसांची ‘जमेल’ ही खात्री वाढली, थोडी ताकदही आली, पण दवाखान्याच्या फेऱ्या काही घटल्या नाहीत. तेव्हा कुणी तुम्हाला ‘गटात जा, औषधं सुटतील’ म्हणून पाठवत असेल तर त्या माणसाचं ऐकू नका. गोळ्या चालूच ठेवायच्या.

मनासाठी वेगळे गट असतात. अमेरिकेत मेरी एलन कोपलंड या बाईंनी १९९७च्या सुमारास, स्वतः मानसिक आजारातून गेलेल्या लोकांबरोबर बसून, एक पद्धत बेतली : बरं असताना मी कशी असते ते लिहून ठेवायचं, रोज काय केल्याने तशी राहते, कशाने बिघडतं, बिघडायला लागल्याची पहिली खूण कोणती, आणि पार कोसळले तर कुणी काय करावं, कुणी मधे पडू नये, हे सगळं आधीच. दादाने मला तो कागद सहा आठवडे संपल्यावर दिला. माझी पहिली खूण लिहायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत : ‘न वाचता सही.’ बहिणीने वाचून त्याखाली आपल्या अक्षरात भर घातली, ‘फोन न उचलणे, तीनदा. मग मी येणार.’ माझ्या मते हा एक कागद मूळ कार्यक्रमात घातला तरी अर्धी तक्रार मिटेल.

किरकोळ तक्रारी. जागा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सांध्यांच्या, हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या रुग्णांना जिना! काका पोचायचे तेव्हा पहिली दहा मिनिटं नुसते बसायचे, आणि गळालेल्या चार जणांतले निदान दोघं त्या जिन्यानेच गळाले असं मला वाटतं. खुर्च्या हात नसलेल्या, त्यामुळे उठताना आधार नाही. भरायच्या कागदांवर रेघा इतक्या चिकटून की सुजलेल्या बोटांनी लिहिलेलं अक्षर तीन रेघा खातं. पेन जाड पकडीचं स्वतःचं न्या. पुस्तिकेत मी मोजलेल्या चुका ६३. ‘स्वव्यवस्थापन’ हा शब्द ऐकला की मला कचेरीतलं परिपत्रक आठवतं. आजार सांभाळणं म्हणा की सरळ. आम्ही सगळे तेच म्हणतो : मी साखर सांभाळते, तो दमा सांभाळतो.

आणखी एक, ही किरकोळ नाही. सहाव्या आठवड्यानंतर काही नसतं. टाळ्या, एक प्रमाणपत्र, संपलं. आजार दीर्घ, कार्यक्रम ऱ्हस्व. सातव्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला मी घरी बसले होते आणि चौदा गुणांच्या दिवसांसारखंच वाटायला लागलं. फोन वाजला. नेहमीप्रमाणे बघत बसले. मग उचलला. काका होते. म्हणाले, “माझा ठराव... कुणाला सांगू?” तेव्हापासून आम्ही पाच जण त्या वेळेला फोनवर जोडले जातो, अर्धा तास. बाई नाहीत, पुस्तक नाही, फळा नाही. आकडा विचारायचं काम कोपऱ्यातल्या मुलीकडे आहे आणि ती कडक आहे, माझा सहा तिने दोनदा परत पाठवला.

चार महिन्यांनी तो नऊ प्रश्नांचा कागद पुन्हा भरला. १४चे नऊ झाले. यात गोळीचा वाटा किती आणि गटाचा किती, मला सांगता येणार नाही, डॉक्टरांनाही येणार नाही. मधे गोळीची मात्राही वाढवली होती. एवढं मात्र खरं की गोळी घ्यायला मी एकही दिवस विसरले नाही, आणि तो ठराव माझा तिसऱ्या आठवड्यातला.

कुणी जावं? ज्याचं निदान होऊन वर्ष-दोन वर्षं झाली आहेत, औषधं बसली आहेत, डॉक्टर ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात आणि तरीही ज्याचं काही ठीक नाही, त्याने. आजार कालच कळला असेल तर थोडं थांबा, अजून डॉक्टरांशीच बोलायचं पुष्कळ असतं. मन फारच खचलं असेल तर आधी उपचार, मग गट. आणि पहिला आठवडा कंटाळवाणा असतो, नियम आणि ओळखी यांतच जातो. परीक्षण लिहायचं तर निदान दुसरा आठवडा बघून लिहा, कारण ठरावाची हजेरी तिथून सुरू होते. शक्य असेल तर कुणाला तरी जिन्यात बसवा.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापलाय मनाच्या त्या अर्ध्या तासासाठी, अर्धा सातव्या आठवड्यासाठी, आणि उरलेला अर्धा ‘दिर्घ’साठी, तिथे मी माघार घेणार नाही.

गेल्या महिन्यात आयोजकांचा फोन आला. पुढच्या गटासाठी पुस्तिका तपासून द्याल का, आणि बाईंच्या जागी गट चालवायचं प्रशिक्षण घ्याल का. पुस्तिका तपासून दिली, ६३च्या ६३ चुका दुरुस्त करून. दुसऱ्याबद्दल कळवलंय की आधी जागा तळमजल्यावर आणा, मग विचारा. अजून उत्तर आलेलं नाही.